पायात आहे हेही कळत नाही

माझे भावोजी जन्मभर लोकांच्या पायाशी बसले आणि स्वतःच्या पायांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. काही लोक असलं वाक्य गहिवरून म्हणतात, माणूस कसा निःस्वार्थी वगैरे. निःस्वार्थीपणा कशाशी खातात हे आमच्या भावोजींना ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहेत ते बूट, आणि त्यातही त्यांनी जे दिवे लावले तेच सांगायला मी बसले आहे.

मोठ्या रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात ते विक्रेते आहेत. पुरुषांचा विभाग त्यांच्याकडे. तिथे एक बुटकं स्टूल आहे, पुढच्या बाजूला उतरती फळी लावलेलं. गिऱ्हाईक खुर्चीत, भावोजी स्टुलावर आणि गिऱ्हाइकाचा पाय फळीवर. "बसा साहेब, बूट मी काढतो," असं म्हणून ते असे काही नाडीची गाठ सोडतात की समोरच्याला आपण कोणी सरदार आहोत असं वाटायला लागतं. मग टाचेमागे पट्टी सरकवून नवा बूट चढवायचा, अंगठ्याच्या टोकाशी दाबून बघायचं आणि गिऱ्हाइकाला चार पावलं चालायला लावायचं. तो चालून आला की भावोजींचं ठरलेलं वाक्य येतं. "चांगला बूट कुठला साहेब? पायात आहे हेही कळत नाही तो."

या वाक्यावर त्यांनी संसार केला. ताईचं लग्न झालं तेव्हापासून मी ते ऐकते आहे. घरी पाहुणा आला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी हे त्याच्या पायांकडे बघणार. मला तर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "मेव्हणीबाई, उजवी टाच जास्त झिजवता तुम्ही. रागीट दिसता." मेव्हणीनं भावोजींची टर उडवायची असते, तो माझा हक्क आहे, आणि पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर लोकांचं ऐकून घेतल्यावर तो बजावायला मला अजिबात कंटाळा येत नाही.

त्यांना शुगर निघाली त्याला अठरा वर्षं झाली. निघाली ती ज्या डॉक्टरांकडे, तेच आमचे डॉक्टर. 'आमचे' हा शब्द भावोजी अशा सुरात म्हणतात की डॉक्टर जणू घरजावई म्हणून आले आहेत. दुकानाच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दवाखाना. पहिल्याच दिवशी डॉक्टर हात धुवायला उठले, बेसिनपर्यंत गेले, परत आले, आणि यांचं लक्ष आपल्या आजारावर असायचं ते त्यांच्या चालीवर. "डॉक्टर, डावा बूट चावतोय का?" झालं. डॉक्टरांनी बूट काढला, मोजा काढला, करंगळीवरचं कुरूप दाखवलं. यांनी दुसऱ्या दिवशी मऊ लोकरी नमद्याची चकती कापून नेऊन दिली. तिथून जे गूळपीठ जमलं ते जमलंच.

दर महिन्याला भावोजी नेमानं जायचे. एकदाही चुकले नाहीत. दाढी करून, बुटांना पॉलिश करून, इस्त्रीचा शर्ट घालून. ताई म्हणायची, "माझ्या भावाच्या लग्नात पण हे एवढे नटले नव्हते." तिकडे गेल्यावर काय तपासणी होते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण नेम इतका कडक की चाललंय ते उत्तमच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

एकदा ताई तापानं पडली म्हणून तिच्यासाठी औषध आणायला भावोजींबरोबर मी गेले. गोळ्यांचं काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून मी दार ढकलून आत गेले, तर पेशंट जमिनीवर गुडघे टेकून बसलेला आणि डॉक्टरांचा उघडा पाय त्याच्या मांडीवर. डॉक्टर म्हणत होते, "इथं, इथं. चालताना ठणकतं." आणि भावोजी कपाळाला आठ्या घालून अंगठ्यानं दाबून बघत होते. मी दारातच कपाळाला हात लावला.

"यांची तपासणी झाली का?" मी विचारलं.

"केव्हाच!" डॉक्टर म्हणाले. "फर्स्ट क्लास आहेत. गोड बंद आहे ना हो? चालणं चालू आहे ना?"

"आहे, आहे," भावोजी पायावरची नजर न काढता म्हणाले.

तपासणी म्हणजे एवढीच होती. बोटाला टोचून साखर, दंडाला पट्टा बांधून बीपी, हे दोन प्रश्न, आणि मग डॉक्टरांचा बूट. वरून भावोजी तिथे जायच्या आधी दोन दिवस पोटाला चिमटा काढायचे. डॉक्टरांसमोर आकडा वाईट आला तर त्यांना वाईट वाटेल, हे त्याचं कारण! गेले अठ्ठावीस दिवस काय खाल्लं ते डॉक्टर विचारायचे नाहीत आणि हे सांगायचे नाहीत. एकमेकांचं मन राखायच्या या धंद्यात दोघंही भारी पटाईत.

आता डॉक्टर अगदीच बिनकामाचे होते असं मी म्हटलं तर ताई माझ्याशी अबोला धरेल. एकदा भावोजींनी दुकानातून त्यांना फोन केला होता, बुटांचा नवा माल आला म्हणून सांगायला. त्यांच्या नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून डॉक्टरांनी ओळखलं की साखर उतरली आहे. फोन न ठेवता त्यांनी कॅशियरबाईंना बोलवायला लावलं, साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि स्वतः धावत आले. अनोळखी डॉक्टरला ते कळलं नसतं. दात-ओठ खात का होईना, मी ते मान्य करते.

त्या कॅशियरबाईंनाही शुगर आहे. त्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जातात. तिथे दर वेळी नवा चेहरा. प्रत्येक जण सुरुवातीपासून सुरुवात करणार, आधीच्याची गोळी बदलणार, आणि बाई दोन्ही गोळ्या घेऊन गरगरत काउंटरवर बसणार. "दर वेळी चपला काढा, दर वेळी पाय दाखवा. नुसता वैताग," असं त्या कुरकुरायच्या. भावोजी त्यांना छाती फुगवून सांगायचे, "आमच्या डॉक्टरांनी अठरा वर्षांत एकदाही मला बूट काढायला लावला नाही. माणूस ओळखीचा असला की असं असतं."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. हसलेसुद्धा असेन.

गेल्या वर्षी दुकानात नव्या पद्धतीचे बूट आले, आत तपकिरी मऊ अस्तर असलेले. भावोजींनी एक जोड स्वतःला घेतला आणि त्याचं कौतुक सुरू झालं ते थांबेचना. "आयुष्यात असा बूट पाहिला नाही. सकाळी घालतो, संध्याकाळी काढतो, मधे पायात आहे हेही कळत नाही!" जेवताना तेच, फोनवर तेच. गिऱ्हाइकांना स्वतःचा पाय पुढे करून दाखवायचे. त्या बुटांचा खप वाढला म्हणून मालकांनी यांची पाठ थोपटली. गिऱ्हाईक मात्र महिन्याभरानं येऊन म्हणायचं, "चांगले आहेत, पण तुम्ही म्हणता तसं काही नाही बुवा." भावोजी त्याच्या पायालाच दोष द्यायचे.

मग एकदा ताई मला म्हणाली, "अगं, परवा गंमत झाली. यांची चप्पल रस्त्यात निसटली, आणि हे तसेच पुढे! मी मागून हाक मारली म्हणून बरं." यांचं त्यावर उत्तर तयार होतं. पट्टा सैल झालाय. आंघोळीच्या कढत पाण्यानं तळवा लाल झाला तेव्हा, कातडी नाजूक झालीय. रात्री यांच्या पायाला हात लावला तरी यांना कळत नाही असं ताई म्हणाली तेव्हा, दिवसभर उभं राहिल्यावर होणारच. पायाची तक्रार म्हणजे बुटाची तक्रार, आणि बूट उत्तम. त्यामुळे तक्रार नाही. तीस वर्षांच्या अनुभवानं या माणसाला एवढंच शिकवलं.

सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे गेले होते. धुण्याच्या बादलीत भावोजींचे मोजे वर आले, आणि एका मोज्याचा पुढचा भाग तांबूस-काळा.

"हे रक्त आहे," मी म्हटलं.

"अस्तराचा रंग आहे तो," भावोजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "नवं चामडं रंग सोडतं. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"एकाच बुटाचं चामडं रंग सोडतं का?"

मी तडक दाराशी गेले, डावा बूट उचलला आणि आत हात घातला. आणि ओरडले. अंगठ्याच्या जागी तळातून एक चूक, बारीक खिळाच म्हणा, वर आली होती, ती सरळ माझ्या बोटात घुसली. दुकानात खोकी उघडताना, फळ्या ठोकताना असल्या चुका जमिनीवर पडलेल्या असतात. हा माणूस तिच्यावर पाय देऊन किती दिवस हिंडला होता देव जाणे.

"मला एकदा टोचली तर घर डोक्यावर घेतलं मी," मी ओरडले. "तुम्हाला कळलं नाही?"

"नाही ना!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अजूनही बुटाचा अभिमान होता. "काही कळतच नाही त्यात."

ताईनं त्यांचा पाय मांडीवर घेऊन वळवला. अंगठ्याखाली भोक होतं, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि वास. ताईचा चेहराच उतरला. भावोजी आपले आम्हा दोघींची समजूत घालत होते. "दुखत नाही गं. दुखत असतं तर गेलो नसतो का डॉक्टरांकडे?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना दवाखान्यात नेलं. आमचे डॉक्टर मुलीकडे गेले होते, पुढच्या आठवड्यात येणार होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी फाईल चाळली आणि मान वर करून पहिलं वाक्य म्हटलं, "बूट काढा."

भावोजींचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांना शर्ट उतरवून चौकात उभं केलंय. "तीस वर्षं मी हे लोकांना म्हणतोय," ते म्हणाले. "तेसुद्धा 'बसा साहेब' म्हणून."

"बरं, बसा साहेब. बूट काढा."

"गोळ्या संपल्यात, तेवढ्या लिहून द्या. पाय मी आमच्या डॉक्टरांनाच दाखवीन."

"यांच्या पायाला भोक पडलंय," मी म्हटलं. "बोट जाईल एवढं."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "मग आत्ता बघू दे. आठवडाभर थांबायची ही गोष्ट नाही. पाय जाईल."

आणि आमचे भावोजी काय म्हणाले? घाबरले नाहीत, चिडले नाहीत. अगदी सभ्यपणे हात जोडून म्हणाले, "डॉक्टरांच्या माघारी दुसऱ्या कोणाला पाय दाखवायचा, बरं दिसत नाही." आणि जिना उतरून चालू लागले. कुणाला बरं दिसत नाही? त्या जिन्याला? मी मागून तोंडाचा पट्टा चालवत होते, डॉक्टरीणबाई दारातून ताप आला तर लगेच हॉस्पिटल गाठा म्हणून सांगत होत्या, आणि हे दुकानात जाऊन स्टुलावर बसलेसुद्धा. पायाला घरचं फडकं, वर तोच बूट. ताईनं रडून पाहिलं, मी शिव्या देऊन पाहिल्या. इतकी निष्ठा कुणी आपल्या बायकोशीही ठेवत नाही.

डॉक्टर यायच्या दोन दिवस आधी भावोजींना हुडहुडी भरली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. सर्जननं अंगठा काढला. पाय राहिला हेच नशीब म्हणा, असं तो म्हणाला. ताई ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसून एकच घोकत होती, "एकही महिना चुकले नाहीत गं. एकही महिना नाही." मला तिची कीव आली, आणि त्या दोघा शहाण्यांचा असा संताप आला की तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टर परत आले ते थेट हॉस्पिटलात. कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले, बँडेजकडे बघितलं, नजर काढून घेतली.

"मला का नाही दाखवलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नव्हता ना," भावोजी म्हणाले.

"त्याआधी?"

"त्याआधी तुमचाच पाय बघायचा असायचा," मी म्हटलं. "यांचा कधी बघायचा?"

मग भावोजी माझ्यावरच उखडले. "डॉक्टरांशी असं बोलतात का?" आणि डॉक्टरांकडे वळून, अंगठा गेलेला हा माणूस, काय विचारतो? "तुमचं कुरूप कसं आहे आता?" डॉक्टर तसेच बाहेर निघून गेले.

मी ठरवलं, बस झालं हे गूळपीठ, डॉक्टर बदलायचा. जुने रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेले तर त्या तरुण बाई भेटल्या. त्यांना फोनच्या किश्श्यासकट सगळं सांगितलं, माझा बेतही. वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "बदलून काय मिळेल? मला एका भेटीत पाय बघावासा वाटला, पण त्यांनी मला तो दाखवला का? दाखवतील तर त्यांनाच. फोनवर आवाज ऐकून साखर ओळखणारा माणूस पुन्हा कुठून आणाल? बदलू नका त्यांना. कामाला लावा." मला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचलंही नाही, कारण भावोजी दुसऱ्या कोणाकडे जायला तयारच नव्हते.

जखम भरल्यावरची पहिली भेट. मी सोबत गेले, यांच्यावर पहारा ठेवायला. जाताना जिन्यात मी त्यांना बजावलं होतं, डावा पाय अर्धा घालवलात, आता उजवा वाचवायचाय, तुमच्या दोस्तीसाठी ताईला कुबड्या विकत आणायला लावू नका. आत गेलो. डॉक्टरांनी बीपी घेतलं, साखर बघितली, तीन महिन्यांची साखर सांगणारा रिपोर्ट पहिल्यांदाच समोर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग सवयीनं त्यांनी खुर्ची मागे सरकवली. आणि सवयीनंच आमचे भावोजी, चार बोटांच्या पायावर तोल सावरत, खाली वाकायला लागले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते मधेच थांबले. सरळ झाले. दुकानातल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आज तुम्ही स्टुलावर बसा. खुर्ची मला द्या."

डॉक्टर उठले. तपासणीच्या पलंगावर चढायला ठेवलेलं बुटकं स्टूल त्यांनी पायानं ओढलं आणि गुडघे वाजवत त्यावर बसले. भावोजी त्यांच्या खुर्चीत. डॉक्टरांना नाडीची गाठ सुटेना. भावोजींचे हात शिवशिवत होते, मी ते धरून ठेवले. शेवटी बूट निघाला, मोजा निघाला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा भावोजींचा उजवा पाय डॉक्टरांच्या मांडीवर आला. पांढरा फटक, भेगा पडलेला, म्हातारा पाय. डॉक्टरांनी खिशातून एक दांडी काढली, तिला नायलॉनचा जाडसर ताठ दोरा लावलेला.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "दोरा टेकला की सांगा, कळलं म्हणून."

भावोजींनी डोळे मिटले. "कळलं," ते लगेच म्हणाले.

डॉक्टरांचा हात अजून हवेतच होता.

मला वाटलं आता हे हसतील, दोघंही, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू होईल. पण डॉक्टर कधी नव्हे ते ओरडले. "मी अजून टेकवला नाही! माझं मन राखू नका. खोटं बोललात तर हाही पाय जाईल, आणि तो मी घालवलेला असेल!"

भावोजी दचकले, पण डोळे त्यांनी उघडले नाहीत. मान हलवली. डॉक्टरांनी अंगठ्याखाली दोरा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. भावोजी गप्प. करंगळीखाली. गप्प. चवड्यावर, मधे, कडेला, टाचेजवळ. दोरा प्रत्येक ठिकाणी वाकत होता, आणि भावोजी कान देऊन ऐकावं तसे डोळे घट्ट मिटून वाट बघत होते. पोटरीजवळ पोचल्यावर डॉक्टरांनी दांडी खाली ठेवली. दोन्ही हातांनी तो पाय धरून ते नुसते बसून राहिले.

बऱ्याच वेळानं भावोजींनी विचारलं, "डॉक्टर, सुरुवात केली का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भावोजींचे हात आणखी घट्ट धरले.

"हो," ते म्हणाले. "आत्ताच करतोय."